पहिला फोन घरी नाही : पुण्यातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांसाठी

पुण्याचं आणि जर्मनचं जुनं सूत आहे. बोट क्लब रोडवर मॅक्स म्युलर भवन, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, औंधात तर चक्क जर्मन शहराच्या नावाचा ब्रेमेन चौक. त्यामुळे मास्टर्ससाठी जर्मनीला निघालेलं कुणी ना कुणी हल्ली ओळखीत असतंच. प्रवेश कसा मिळवायचा, एसओपी, म्हणजे प्रवेशअर्जासोबतचं हेतुपत्र, कसं लिहायचं, कुठली युनिव्हर्सिटी बरी, हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. हा लेख त्याच्या पुढच्या भागाबद्दल आहे. किल्ली आत राहिली आणि दार बंद झालं, खात्यात पैसे आहेत पण काढता येत नाहीत, एकशे दोन ताप आहे आणि बाहेर बर्फ आहे, सरकारी पत्र आलंय आणि त्यातलं अक्षर कळत नाही. अशा वेळी काय करायचं, आणि त्याची तयारी पुण्यात बसून किती करता येते, एवढंच.

एक नियम आधीच सांगते, कारण बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. काही बिघडलं तर पहिला फोन घरी करायचा नाही. दुसरा करा, तिसरा करा, जरूर करा. पण पहिला नाही. कोथरूडमधल्या आईला ड्रेस्डेनमधलं कुलूप उघडता येत नाही. ती फक्त रात्रभर जागी राहू शकते. आधी स्वतः एक पाऊल टाका, ते चुकीचं निघालं तरी चालेल, आणि मग सांगा. यात घरच्यांपासून लपवण्याचा काही संबंध नाही, फक्त क्रम बदलायचा आहे.

पायरी १ : निघायच्या सहा महिने आधी, घरात राहूनच

परदेशी जाणारी पुण्यातली मुलं साधारण दोन प्रकारची. एक, लातूर, नांदेड, जळगावहून बारावीनंतर इथे आलेली, कॉट बेसिसवर राहिलेली, मेसच्या पातळ आमटीवर डिग्री काढलेली. दुसरी, इथेच वाढलेली, ज्यांच्या ताटात अजूनही तव्यावरची पोळी थेट येते. पहिल्या गटाला घरमालक डिपॉझिट कसं कापतो, वीजबिलावरून रूममेटशी कसं भांडायचं आणि तरी त्याच खोलीत कसं राहायचं, तापात स्वतःसाठी पेज कशी करायची, हे सगळं माहीत असतं. मार्कशीटवर याला जागा नाही, पण तिकडच्या पहिल्या सहा महिन्यांत याच्याइतकं काहीच उपयोगी पडत नाही. तुम्ही दुसऱ्या गटातले असाल तर वर्गातल्या अशा एखाद्या मित्राला चहाला बोलवा आणि पुण्यातल्या पहिल्या वर्षी काय काय झालं ते विचारा. कुठल्याही कन्सल्टंटच्या सेमिनारपेक्षा जास्त ऐकायला मिळेल.

मग घरात जाहीर करून टाका की यापुढे कपडे, इस्त्री, बँक, मोबाइलचं बिल, डेंटिस्टची अपॉइंटमेंट, इन्शुरन्सचे कागद वाचणं, ही तुमची कामं तुम्हीच करणार. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, काढणंसुद्धा. "तू अभ्यास कर, मी जाऊन येतो" असं बाबा म्हणतील, त्यांना घरी बसवा. फॉर्म, चलन, झेरॉक्स, "आज साहेब नाहीत", पुन्हा चक्कर, हे सगळं स्वतः अनुभवलेलं बरं. जर्मन कार्यालयात कुणी खेकसत नाही, पण एक कागद कमी असेल तर तितक्याच शांतपणे परत पाठवतात, आणि तिथे "जरा बघा ना" चालत नाही. कुठल्याही खिडकीवरून उठताना तीन गोष्टी विचारून घ्यायची सवय इथेच लावा: अजून कुठला कागद लागेल, तो कधीपर्यंत द्यायचा, आणि पुढे काही अडलं तर कुणाला विचारायचं. उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्यायचं.

स्वयंपाकाचं म्हणाल, तर वीस पदार्थ शिकून जाणारे पहिल्या आठवड्यात ब्रेड-अंड्यावर येतात. चारच शिका, पण पक्के. मुगाची खिचडी, पिठलं, एक उसळ आणि एक भाजी, जी कोबी असो की फ्लॉवर, त्याच पद्धतीने होईल. घड्याळ लावून करा: चिरण्यापासून भांडी घासून ओटा पुसेपर्यंत पाऊण तास. ओटा पुसणं यात धरलंय, कारण तिकडचं किचन चार-पाच जणांत असतं आणि भांडणं पदार्थांच्या वासावरून कमी, सिंकमधल्या भांड्यांवरून जास्त होतात. पोळ्या शिकायला हरकत नाही. पण लेक्चर, लायब्ररी आणि पार्ट-टाइम नोकरी सांभाळून रोज कणीक मळणारं माणूस माझ्या पाहण्यात नाही.

कुकर घ्यायला तुळशीबागेत जाल तेव्हा स्टीलचा, सपाट आणि इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा मागा. तिकडे गॅस कमी, इलेक्ट्रिक शेगड्या जास्त. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. सोबत एक जादा गॅस्केट, एक सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक शिटी घ्या.

पायरी २ : कागद आणि पैसा

एपीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची जर्मन बाजूने केलेली पडताळणी, १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी आवश्यक झालं. त्याला वेळ लागतो, तेव्हा ते सगळ्यात आधी. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे राहण्याचा खर्च झेपेल हे व्हिसासाठी दाखवायला उघडायचं खातं. त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात. हे आकडे बदलत असतात, भरायच्या दिवशी वकिलातीच्या साइटवर पुन्हा बघा.

गंमत पुढे आहे. "अकाउंटमध्ये बारा हजार युरो आहेत" म्हणून निर्धास्त निघालेले लोक पहिल्याच महिन्यात अडकतात, कारण तो पैसा उतरल्या उतरल्या हातात येत नाही. आधी तिथलं साधं बँक खातं उघडायचं, मग ब्लॉक्ड अकाउंट चालू करून घ्यायचं, मग पहिला हप्ता येतो. मधल्या काळात खर्च मात्र सगळ्यात जास्त. घराचं डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येतं. 'काल्टमीटे' म्हणजे हे मूळ भाडं, 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. समजा मूळ भाडं ३५० युरो, तर डिपॉझिट १,०५० पर्यंत, वर पहिल्या महिन्याचं भाडं, गादी, उशी, पांघरूण, युनिव्हर्सिटीची सेमिस्टर फी. हा हिशेब ९९२ मध्ये बसत नाही. तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर दीड-दोन हजार युरो वेगळे ठेवा, आणि ते फॉरेक्स कार्डवर व थोडे रोख असे विभागून ठेवा. एज्युकेशन लोन असेल तर या रकमेची सोय लोनच्या हिशेबात आधीच धरायला सांगा. नंतर बँकेत बाबांना धावपळ करावी लागते.

कागदांच्या फाइलबद्दल एकच: मूळ प्रती हातातल्या बॅगेत, झेरॉक्स मोठ्या बॅगेत, स्कॅन ईमेलवर. आणि घरच्यांकडे एक पूर्ण संच.

पायरी ३ : बॅग

याच्यावर घराघरांत महाभारत होतं, म्हणून थोडक्यात. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तेव्हा घरचं तूप, पेढे, आंबा बर्फी इथेच संपवा. बाकरवडी, चिवडा, लाडू न्या, पण लाडू तुपातले असतील तर तेही त्याच नियमात येऊ शकतात, त्यामुळे बाकरवडीच बरी. ताजी फळं, कढीपत्त्याच्या डहाळ्या नकोत. विमान दुबईमार्गे असेल तर खसखस घातलेला मसाला घेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बेकायदा आहे, आणि आपल्या गोड्या मसाल्यात ती बऱ्याच घरी असते. आजीला आधी सांगा, ती बिनखसखशीचा करून देईल.

नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन. चष्म्याच्या दोन जोड्या. दाताचं दुखणं असेल तर इथेच उरका. जाड कोट पुण्यात घेऊ नका. पुण्यातल्या थंडीसाठी शिवलेला कोट तिकडे जानेवारीत काही कामाचा नाही.

पायरी ४ : पहिले दोन आठवडे

इथे क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक कागद दुसऱ्यावर अवलंबून असतो.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा, याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते मालकाने दिलंच पाहिजे असा कायदा आहे. "माझ्याकडे राहा, पण नोंदणी होणार नाही" असं कुणी म्हणालं तर ती खोली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट मिळत नाही. जी मिळेल ती घ्या आणि बुकिंगचा ईमेल जपून ठेवा. नोंदणी झाली की काही आठवड्यांत टॅक्स नंबर पोस्टाने येतो, पार्ट-टाइम नोकरीला तो लागतो. मग बँक, मग हेल्थ इन्शुरन्स चालू करणं, मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयात रेसिडेन्स परमिट. परमिटचा अर्ज व्हिसा संपायच्या आधी गेला पाहिजे, ही तारीख मोबाइलमध्ये दोनदा लावून ठेवा.

टपालपेटीवर तुमचं आडनाव लावा. पहिल्याच दिवशी, साध्या चिकटपट्टीवर लिहून का होईना. आपल्याकडे पोस्टमन "अरे हे तिसऱ्या मजल्यावरचे" म्हणून आणून देतो. तिकडे पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, पिन, इन्शुरन्सचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं पोस्टाने येतं. पंधरा दिवस कार्डाची वाट बघत बसलेल्या मुलांचं निम्म्या वेळा एवढंच कारण असतं.

खोली शोधताना: स्टुडंट हॉस्टेल्स 'श्टुडिरेंडनवेर्क' नावाच्या संस्था चालवतात आणि त्यांच्या वेटिंग लिस्ट लांब असतात. प्रवेशाचा अर्ज करताच तिथे नाव घाला, निकालाची वाट बघू नका. बाहेर खोली शोधताना "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. ही फसवणूक ठरलेली आहे. खोली बघितल्याशिवाय, किंवा तुमच्यासाठी कुणीतरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय, एक युरो पाठवू नका. पहिला महिना तात्पुरत्या जागेत काढावा लागला तरी चालेल.

पायरी ५ : बिघाड

ज्यांची तयारी कुणीच करून घेत नाही, अशा या गोष्टी.

*दार.* तिकडच्या घरांच्या मुख्य दाराला बाहेरून फिरणारं हँडल नसतं, नुसती मूठ असते. दार मागे ओढलं गेलं की किल्लीशिवाय उघडत नाही, आतून कुलूप लावलेलं नसलं तरी. कचरा टाकायला चपला घालून उतरलेलं माणूस हिवाळ्यात टी-शर्टवर बाहेर राहतं. अशा वेळी क्रम असा: आधी फ्लॅटमेटला फोन. मग 'हाउसमाइस्टर', म्हणजे इमारतीचा देखभाल करणारा, त्याला. त्याचा नंबर बहुधा तळमजल्यावर लावलेला असतो, पहिल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. हे दोन्ही नाही जमलं तर किल्लीवाला. पण मोबाइलवर शोधून पहिल्या जाहिरातीला फोन लावू नका. रात्री आणि रविवारी हे लोक शेकडो युरो लावतात आणि काहींचा धंदाच तो आहे. शहरातल्या एखाद्या बऱ्या किल्लीवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. फोनवरच येण्याचा खर्च आणि रात्रीचा आकार धरून पूर्ण किंमत विचारा. दार नुसतं ओढलं गेलंय, कुलूप लावलेलं नाही, हे स्पष्ट सांगा. असं दार सहसा ड्रिल न करता उघडतं, त्यामुळे नवं कुलूप गळ्यात मारू देऊ नका. माणूस अरेरावी करायला लागला तर ११० वर पोलीस.

आणि या सगळ्याआधी: एक जादा किल्ली जवळच राहणाऱ्या विश्वासाच्या मित्राकडे द्या. मोबाइल आत राहिला असेल तर त्याचं घर चालत गाठता यायला हवं.

किल्ली हरवली तर प्रकरण वेगळं आणि महाग. हॉस्टेलची किल्ली बऱ्याचदा पूर्ण इमारतीच्या कुलुपांच्या एकाच योजनेतली असते. ती हरवली की सगळी कुलुपं बदलायचा खर्च मागू शकतात. यासाठी 'हाफ्टफ्लिष्ट' नावाचा विमा असतो, दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा. महिन्याला काही युरोच लागतात. हरवलेली किल्ली त्यात धरलेली आहे ना, एवढं बघून तो घ्या. चहाचा खर्च वाचवून घ्यावा असा हा एकच विमा.

*फोडणी.* जर्मनीत झोपायच्या खोल्यांत स्मोक डिटेक्टर सक्तीचे आहेत, आणि हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्येही ते असतात. मिरचीची फोडणी जरा जास्त झाली, खोकला यायला लागला, की आपला हात किचनचं दार उघडायला जातो. तेच करायचं नाही. दार उघडलं की धूर कॉरिडॉरमध्ये जातो, तिथला डिटेक्टर वाजतो, सगळी इमारत खाली उतरते आणि अग्निशमनची गाडी येते. कधी कधी मागाहून बिलही. दार बंद, खिडकी सताड उघडी, शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा चालू, आणि मग मोहरी घाला. मिक्सर रविवारी आणि रात्री दहानंतर लावू नका. शेजारी वर येऊन बोलत नाही, थेट मालकाला लिहितो.

*ओल.* थंडीत खिडक्या बंद ठेवून रोज भात शिजवला आणि कपडे खोलीतच वाळवले की भिंतीवर काळी बुरशी धरते. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची. हे केलं नाही तर डिपॉझिटमधून कापतात.

*पत्र.* सगळ्यात जास्त घाबरवणारी आणि सगळ्यात सोपी गोष्ट. पत्र आलं की पूर्ण वाचायच्या आधी चार गोष्टी शोधा: कुणी पाठवलं, पत्राची तारीख, वरचा संदर्भ क्रमांक, आणि 'फ्रिस्ट', म्हणजे उत्तराची मुदत. मुदत कॅलेंडरमध्ये टाका. मग मोबाइलने भाषांतर करा. मग ज्यांना जर्मन लिहिता-वाचता येतं अशा कुणाला दाखवा. उत्तर देताना संदर्भ क्रमांक लिहा आणि प्रत ठेवा. पत्र पिवळ्या पाकिटात आलं तर पाकीट फेकू नका. ते अधिकृतपणे पोचवलेलं असतं, त्यावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते, आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. तुम्ही पेटी आठ दिवसांनी उघडली, याचं तिथे कुणाला काही नाही.

एक पत्र हमखास येतंच: रेडिओ-टीव्हीच्या फीचं, महिन्याला १८.३६ युरो, घरटी एक. "माझ्याकडे टीव्ही नाही" हे उत्तर चालत नाही. फ्लॅटमध्ये कुणी आधीच भरत असेल तर त्याच्या फी-खात्याचा नंबर कळवा, नाहीतर भरून टाका. दुर्लक्ष केलंत तर दंड चढत जातो.

*आजारपण.* पहिल्याच महिन्यात, काही झालेलं नसताना, घराजवळचा एक फॅमिली डॉक्टर शोधून नाव नोंदवा. ताप आल्यावर नवीन पेशंट घेणारा डॉक्टर शोधणं जिवावर येतं. बरेच दवाखाने बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी बंद असतात. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल पण जिवावरचं नसेल तर ११६११७, आणि जिवावरचं असेल तर ११२. फोनवर आधी पत्ता सांगा, मग काय झालंय ते, आणि समोरचा ठेवत नाही तोवर फोन ठेवू नका. साधी पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, फार्मसीतच मिळते, आणि रविवारी फार्मसी शोधावी लागते. म्हणून पॅरासिटामॉल, ओआरएस, थर्मामीटर खोलीत हवंच. रविवारी किराण्याची दुकानंही बंद असतात. शनिवारी संध्याकाळी डाळ, तांदूळ, दूध घरात आहे ना, हे बघायची सवय लागायला एकच उपाशी रविवार पुरतो.

विमा घेताना एक लक्षात ठेवा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विम्याचा सवलतीचा दर मिळतो. स्वस्त म्हणून सुरुवातीला खासगी विमा घेऊन सरकारीतून सूट घेतलीत, तर शिक्षण चालू असेपर्यंत परत येता येत नाही.

पायरी ६ : अभ्यासातले खड्डे

तिकडे १.० हा सगळ्यात चांगला आणि ५.० म्हणजे नापास, ४.० ला जेमतेम पास. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर १.७ ऐकून आजोबा काळजीत पडतात.

परीक्षेला आपोआप बसता येत नाही. प्रत्येक विषयासाठी ठरलेल्या मुदतीत पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं. वर्गाला सगळ्या तासांना गेलात आणि नोंदणी राहिली, तर परीक्षा नाही. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालात तर त्या कोर्समधून बाहेर, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. पुण्यातल्या "बॅक राहिला तर पुढच्या वर्षी काढू" या हिशेबाला तिथे जागा नाही. पेपरच्या दिवशी आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन सर्टिफिकेट घ्या. दोन दिवसांनी आणलेलं सर्टिफिकेट सहसा चालत नाही. अवघड विषय दिसतोय तर पहिल्या प्रयत्नालाच प्रोफेसरच्या भेटीच्या वेळेत जा. तिथे प्रश्न विचारायला जाणं म्हणजे मागे पडल्याची कबुली, असं कुणी मानत नाही. मात्र ईमेल करून वेळ घ्या आणि पाच मिनिटं आधी पोचा.

नोकरीची मर्यादा वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, मार्च २०२४ पासून. पहिल्या सेमिस्टरला शक्यतो करू नका. पैशासाठी करावीच लागत असेल तर परीक्षेच्या दीड महिना आधी तास कमी करून घ्या, आणि हे मालकाला नोकरी धरतानाच सांगा.

पायरी ७ : घरचा फोन

हा भाग आई-बाबांनीही वाचला तर बरं.

उन्हाळ्यात आपण जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. तिकडे रात्री नऊला किल्ली आत राहिली तर इथे मध्यरात्र उलटलेली असते. फोन केलात तर दोन्हीकडची झोप जाते आणि दार बंदच राहतं. त्यामुळे सांगताना क्रम असा ठेवा: काय झालं, मी काय केलं, आता पुढे काय करणार आहे. "आई, माझं पाकीट चोरीला गेलं" एवढ्यावर फोन थांबला तर आई उरलेली रात्र कल्पनेत काढते. "पाकीट गेलं, कार्ड ब्लॉक केलं, पोलिसांत तक्रार दिली, उद्या नवीन कार्डाचा अर्ज करतेय" असं सांगितलं की ती दोन प्रश्न विचारते आणि झोपते. पासपोर्ट गेला तरी हाच क्रम: आधी पोलीस तक्रार, मग भारतीय वकिलात. बर्लिनला दूतावास, फ्रँकफुर्ट, म्युनिक आणि हॅम्बुर्गला वाणिज्य दूतावास. तुमचं शहर कुणाकडे येतं ते आधीच बघून ठेवा.

आई-बाबांना एवढंच: मुलाच्या घरमालकाला, फ्लॅटमेटला, प्रोफेसरला तुम्ही मेसेज करू नका. ओळखीच्या ओळखीतल्या काकांना "जरा बघून या" म्हणून त्याच्या दारात पाठवू नका. रोज बोलायचं असेल तर ठरलेल्या वेळी बोला, आणि एखादा दिवस फोन नाही आला तर चोवीस तास थांबा. विचारायचंच असेल तर "जेवलास का" च्या जोडीला "या आठवड्यात काय अडलं होतं आणि काय केलंस" हेही विचारा.

नियमाला अपवाद एक आहे आणि तो मोठा आहे. नोव्हेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असते, कुणाशी आठवडाभर मराठीत बोलणं झालेलं नसतं. अशा वेळी झोप उडाली, अंथरुणातून उठावंसं वाटेना, तासांना जाणं सुटलं, तर कुठलाही क्रम पाळू नका, लगेच घरी बोला. आणि घरी बोलून झालं की श्टुडिरेंडनवेर्कच्या समुपदेशकांची वेळ घ्या. विद्यार्थ्यांसाठी ही सोय असते आणि लोक ती वापरतात.

पायरी ८ : माणसं जोडणं

मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती बसतो, पुरणपोळ्या होतात. जा, हक्काने जा. पण सल्ल्यासाठी फक्त मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर राहू नका. तिथे तीन वर्षांपूर्वीचा नियम आजचा म्हणून सांगितला जातो आणि त्याखाली बारा अंगठे येतात. कागदाचा प्रश्न असेल तर इंटरनॅशनल ऑफिस, घरमालकाशी भांडण असेल तर विद्यार्थी संघटनेचा फुकट कायदेशीर सल्ला, बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत तो असतो. योग्य माणसाला वेळेवर विचारणं, हेही स्वतःचं स्वतः करण्यातच येतं. आणि एखादा तरी जर्मन शेजारी असा ठेवा ज्याला पत्र दाखवता येईल. ओळख करायला सोपा मार्ग म्हणजे कुकरच्या शिटीबद्दल आधीच सांगून ठेवणं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती स्फोटासारखी वाटते.

पायरी ९ : घर सोडताना

एक-दोन सेमिस्टरनंतर बहुतेक जण जागा बदलतात, आणि पहिल्या वर्षीचे शेवटचे पैसे इथे अडकतात. घर सोडायची सूचना सहसा तीन महिने आधी, लेखी आणि सहीसह द्यावी लागते. फोनवर सांगितलेलं धरत नाहीत. इंटरनेट, जिम, मोबाइलचे करारही वेगवेगळे लेखी बंद करा. ते आपोआप बंद होत नाहीत, पुढे चालू राहतात. खोली घेताना आणि सोडताना भिंती, खिडक्या, शेगडी, गादी यांचे फोटो काढा आणि मालकासमोर यादीवर दोघांच्या सह्या घ्या. वीज-पाण्याच्या मीटरचा आकडा त्याच यादीत लिहा. डिपॉझिट किल्ली दिल्या दिवशी परत मिळत नाही. हीटिंगचा हिशेब होईपर्यंत मालक काही रक्कम काही महिने ठेवू शकतो. तेव्हा नव्या घराचं डिपॉझिट जुन्याच्या भरवशावर ठरवू नका, त्याची सोय वेगळी ठेवा, आणि तुमचा नवा पत्ता नि खाते क्रमांक मालकाला लेखी देऊनच बाहेर पडा.